पहिलं बरं की दुसरं?

सोलो शहराच्या लावेयान मोहल्ल्यात, बातिकच्या कारखान्यांच्या गल्लीच्या तोंडाशी पाक हार्नोकोचं चष्म्याचं दुकान आहे; पाक म्हणजे आमच्याकडचं 'राव'. दुकान मूळचं सासऱ्यांचं. हार्नोको सुराबायाचा, आणि सुराबायाची माणसं म्हणजे तोंडाळ. जिवलग मित्र भेटला की आधी शिवी हासडतात आणि मग पोराबाळांची चौकशी करतात. असा माणूस सोलोत घरजावई म्हणून आला, म्हणजे दुधात मिठाचा खडाच पडला म्हणायचा.

कारण सोलोत माणसं हळू चालतात, हळू बोलतात, आणि 'नाही' म्हणत नाहीत. मोठ्यांशी आणि परक्यांशी बोलायची आमची भाषाच निराळी, ती 'आपण'ची. धाकट्यांशी आणि घरच्यांशी 'तू'ची. 'आपण'च्या भाषेत 'नाही'ला शब्द आहे, पण तो ट्रंकेतल्या लग्नाच्या शालूसारखा. आहे एवढंच, अंगाला लागत नाही. रोजच्या वापराला एकच शब्द, 'इंग्गिह'. सासऱ्यांनी जावयाला पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं, "इंग्गिह म्हणजे हो. इंग्गिह म्हणजे ऐकलं. इंग्गिह म्हणजे पटलं नाही, पण आपलं मन कशाला मोडू. आणि इंग्गिह म्हणजे आता उठा, आम्हाला झोपायचंय. त्यातला कुठला, ते ज्याचं त्यानं ओळखायचं."

हार्नोको ओळखायला शिकला. आवाज खाली आला, मान कमरेतून लवू लागली, शिव्या पोटात राहू लागल्या. बायको वुर्यानी त्याला 'अहो'शिवाय हाक मारत नसे, गिऱ्हाइकं 'आपण'च्या खाली उतरत नसत. इतकी वर्षं गेली, सोलोत त्याला कुणी एकदाही 'तू' म्हटलं नव्हतं. सगळं जमलं, पण ज्या धंद्यावर पोट तो धंदा काही जमेना.

तुम्हीच बघा. डोळे तपासायचे म्हणजे काय करायचं? डोळ्यापुढे एक काच धरायची, मग दुसरी धरायची आणि विचारायचं, "पहिलं बरं की दुसरं?" सुराबायात या प्रश्नाला उत्तर मिळतं, "दोन्ही भिकार, तिसरं दाखव." सोलोत उत्तर मिळतं, "इंग्गिह, दोन्ही छान आहेत." गिऱ्हाईक म्हातारं असलं तर वर पुस्तीही मिळते, "आपण एवढे कष्ट घेताय, आपल्याला कुठलं बरं वाटतं?" आता काय कपाळ फोडायचं? हार्नोको अंदाजानं नंबर काढी आणि काचा बसवून देई. तक्रार घेऊन कुणी परत येत नसे. पहिली काही वर्षं त्याला वाटलं, आपल्या हाताला यश आहे. मग एकदा एका लग्नात तो मांडवात शिरला आणि बघतो तो काय, निम्म्या पाहुण्यांनी लगबगीनं खिशातून, कंबरेतून, पर्समधून चष्मे काढून नाकावर चढवले. मास्तर वर्गात आल्यावर पाट्या निघतात तशा. तो जेवायला वळला, तसे चष्मे पुन्हा आत गेले.

त्या दिवशी घरी येऊन तो वुर्यानीला म्हणाला, "अगं, हे गाव मला फसवतंय."

"फसवत नाहीत, मान देतायत," वुर्यानी म्हणाली. "आणि लग्नाला जाताना आधी खोकत जा. लोकांना चष्मे सापडायला वेळ लागतो."

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण म्बाह पोनिराच्या बाबतीत गेलं नाही.

म्हाताऱ्या बाईला आम्ही म्बाह म्हणतो, मधल्या वयाच्या बाईला बु. म्बाह पोनिरा बु हेस्तींच्या कारखान्यात कापडावर मेणाचे ठिपके घालायची. चांटिंग हातात घ्यायची, म्हणजे मेणाची लेखणी, तिला तांब्याची बारीक चोच असते. चोच कढईतल्या उकळत्या मेणात बुडवायची, फुंकर मारायची आणि नक्षीच्या पोटात मोहरीहून लहान ठिपके भरत जायचं. बातिकमध्ये यापेक्षा नाजूक काम नाही. ठिपकेवाल्या बायका कढईभोवती गोल करून बसतात. त्या गोलात जागा मिळायला बाईची उमेदीची वर्षं जातात, आणि म्बाह तिथं परकर नेसायच्या वयापासून बसत आली होती. नवरा आला आणि गेला, पोरं जकार्ताला लागली, पण बुटकं स्टूल आणि खिडकीकडचा तो कोपरा कायम राहिला. तेच तिचं घर होतं असं म्हटलं तरी खोटं नाही.

वुर्यानीचं एक कापड आणायला हार्नोको एका सकाळी कारखान्यात गेला. दारातून आत येताना खोकायला विसरला. झालं, सगळा गोल चष्मे शोधू लागला. म्बाह पोनिरा मात्र गोलात नव्हती. दाराशी एकटी बसून ती रुंद ब्रशनं कापडावर मेण थापत होती. हे शिकाऊ पोरींचं काम. त्याला बघताच तिनं कंबरेतून चष्मा काढून डोळ्यांवर घातला. गेल्या ईदनंतर त्यानंच करून दिलेला. हसून मान लववली, ब्रश शेजारच्या कढईकडे नेला, आणि कढई जिथं होती तिथं तिचा हात गेलाच नाही, काठावर आपटला. गरम मेण मनगटावर सांडलं.

"काही नाही, काही नाही," म्बाह हसतच म्हणाली. "चष्मा फार छान आहे हं, पाक हार्नोको."

गोलातली लास्मिनी नावाची बाई पटकन उठून पाण्याचं फडकं घेऊन आली. बु हेस्ती फाटकापर्यंत पोहोचवायला आल्या तेव्हा म्हणाल्या, "म्बाहचं वय झालं. हल्ली कढईशी हात भाजतो. जरा विश्रांती मिळावी म्हणून हलकं काम दिलंय."

घरी आल्यावर वुर्यानीनं त्या वाक्याचा अर्थ फोडून सांगितला. "विश्रांती कसली? आमच्याकडे कुणाला 'उद्यापासून येऊ नका' म्हणत नाहीत. आधी स्टूल दाराशी सरकतं. मग एक दिवस तांदूळ आणि नवं कापड घेऊन कुणीतरी घरी जातं, पाया पडतं, 'आता आराम करा' म्हणतं. म्बाह म्हणणार इंग्गिह. आणि मग ती दोन महिन्यांत मरून जाईल, बघा तुम्ही."

हार्नोकोला जेवण गेलं नाही. आपण दिलेला चष्मा घालून म्हातारीचा हात भाजला, आणि वर तिनं आपलंच कौतुक केलं, हे त्याला खाऊ लागलं. दुसऱ्याच दिवशी त्यानं म्बाहला सायकलरिक्षातून दुकानात आणवलं.

भिंतीवर तक्ता होता. त्यावर दारं उघडी असलेल्या घरासारख्या खुणा, कुणाचं तोंड उजवीकडे, कुणाचं खाली. म्बाहनं प्रत्येक खूण बरोबर सांगितली. एका डोळ्यानं, दोन्ही डोळ्यांनी, अगदी खालची बारीक ओळसुद्धा. हार्नोको चक्रावला. मग त्याच्या लक्षात आलं की म्हातारी तक्त्याकडे बघतच नाहीये. ती त्याच्या तोंडाकडे बघत होती. खूण उजवीकडे असली की नकळत याची मान उजवीकडे कलायची, आणि म्हातारी म्हणायची, "उजवीकडे." आयुष्यभर समोरच्याच्या मनातलं ओळखून बोललेली बाई ती, तिला तक्ता कशाला लागतोय?

"म्बाह, पहिलं बरं की दुसरं?"

"इंग्गिह."

"इंग्गिह म्हणजे कुठलं?"

"आपण म्हणाल ते."

हार्नोकोच्या जिभेवर सुराबायाची एक सणसणीत शिवी आली. ती त्यानं गिळली, कडू औषधासारखी. म्बाहला वाटलं, याला वाईट वाटलं. तिनं त्याच्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, "आपण फार चांगले आहात. माझ्या डोळ्यांना काही झालेलं नाही." आणि रडवेली झाली. डोळ्यांना काय झालंय हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

दोन दिवस हार्नोको विचार करत होता. 'आपण'च्या भाषेत म्हातारी खरं बोलणार नाही, हे उघड होतं. मग ही बाई खरं कुठं बोलत असेल? त्यानं कारखान्यातल्या पोरींना विचारलं, म्बाह कधी रागावते का? पोरी खिदळल्या. "रागावते? ठिपका चुकला की आमचे बाप काढते!"

शुक्रवारी दुपारी, पुरुष नमाजाला आणि बायका जेवायला गेल्यावर, हार्नोको काचांची पेटी काखेत मारून कारखान्यात गेला. म्बाह केळीच्या पानातला भात संपवून दाराशी बसली होती. हा गेला तो थेट कढईपाशी. ठिपकेवालीच्या स्टुलावर बसला. एवढा मोठा माणूस, गुडघे कानाला लागले. एक चिंधी मांडीवर घेतली, चांटिंग मेणात बुडवली आणि ठिपके घालायला लागला.

"आपण हे काय करताय?" म्बाह घाबरून उठली.

"शिकतोय. म्बाह, बघा बरं, कसा आलाय?"

"इंग्गिह, छान... छान आहे."

त्यानं दुसरा घातला. चोचीवर फुंकर न मारताच. मेणाचा हा एवढा ओघळ चिंधीवरून त्याच्या पँटवर आला. तिसऱ्यांदा त्यानं चोच कढईच्या तळाला घासली, तशी म्हातारीच्या तोंडातून सुटलंच.

"अरे, चोच मोडशील मेल्या! ती तांब्याची आहे, तुझ्या दुकानातलं लोखंड नाही! फुंकर कोण मारणार, तुझा बाप?"

 म्बाहनं तोंडावर हात ठेवला. हार्नोकोला मात्र आपल्या आईच्या स्वयंपाकघरात बसल्यासारखं वाटलं, आणि त्याचे डोळे भरून आले. तो मान खाली घालून म्हणाला, "मारतो फुंकर. सांग ना, म्हणजे सांगा ना, हा कसा आलाय?"

"मला नीट दिसत कुठं..." आणि म्बाह थांबली. इतक्या वर्षांत हे वाक्य पहिल्यांदा तोंडाबाहेर पडलं होतं.

हार्नोकोनं पेटी उघडली. काचा बदलायची चौकट तिच्या नाकावर चढवली, एक काच घातली, उजव्या डोळ्यावर झाकण लावलं आणि चिंधी तिच्या मांडीवर ठेवली. हातभर अंतरावर, ती रोज धरायची तशी. "आता?"

"घाण."

"काच की ठिपका?"

"दोन्ही!"

त्यानं काच बदलली. "आता?"

"शेजारच्या ठिपक्यात मिसळलाय. कोंबडीच्या पायासारखा दिसतोय."

"आता?"

म्बाह चिंधीवर वाकली. बोटानं कापड ताणलं. "अगं बाई," ती हळूच म्हणाली, "हा तर फुटलाय. मधोमध चीर गेलीय. आणि हा दुसरा, ह्याला शेपूट आहे. ले, इतके घाणेरडे ठिपके मी जन्मात पाहिले नाहीत रे!"

ले ही लेकाला मारायची हाक. आणि म्हातारीचं तोंड असं फुललं होतं, जणू कुणी तिचं कौतुकच केलंय. इतके घाणेरडे ठिपके तिला स्पष्ट दिसत होते!

डाव्या डोळ्याचा नंबर असा शिव्या खात खात निघाला. मग झाकण डावीकडे गेलं. उजव्या डोळ्यावर त्यानं एक काच लावली. "धूर," म्बाह म्हणाली. दुसरी. "धूर." तिसरी, चौथी, पेटीतली सगळी. धूर, धूर, धूर. शेवटी हार्नोकोनं खिशातली बॅटरी काढून बुबुळात प्रकाश टाकला. बाहुली काळी नव्हती. तांदळाच्या धुवणासारखी पांढुरकी होती. मोतीबिंदू पिकत आला होता. हे त्याला गेल्या ईदलाच दिसायला हवं होतं, पण म्हातारीनं सगळ्या खुणा बरोबर सांगितल्या आणि यानं बॅटरी खिशातच ठेवली. माणूस सोयीचं तेवढं खरं मानतो, त्याला कोण काय करणार?

"काय झालंय रे, ले?" म्बाहनं विचारलं.

आणि हार्नोको म्हणाला, "इंग्गिह, म्बाह. काळजी नको. हळूहळू होईल सगळं बरं."

म्हातारीनं चौकट नाकावरून काढली. त्याच्याकडे बघितलं, एका चांगल्या आणि एका धुरकट डोळ्यानं.

"हे कुठं शिकलास?"

"काय?"

"हे इंग्गिह. माझ्याकडून तासभर 'घाण, घाण' म्हणवून घेतलंस. आता तुझी पाळी आली तर लागलास का सोलोवाल्यासारखं बोलायला? ते मी रोज ऐकते. बु हेस्ती बोलते, पोरं फोनवर बोलतात. तू तरी खरं सांग."

 सुराबायाचा माणूस तो, खरं बोलायला कधी घाबरला नव्हता; आणि आता एका म्हातारीपुढे इंग्गिह म्हणून बसला होता. सोलोनं त्याला पुरता बाटवला होता.

"ह्या डोळ्याला चष्मा लागणार नाही," तो शेवटी म्हणाला. "कुठलाच नाही. मोतीबिंदू आहे. सरकारी दवाखान्यात कापून काढावा लागेल. मी हे वर्षापूर्वीच बघायला हवं होतं. बघितलं नाही."

म्बाहनं कढईकडे बघितलं. मेणावर साय धरली होती.

"मला भीती वाटते, ले," ती म्हणाली. "डोळ्यात सुरी घालणार म्हणजे... तो गेलाच तर?"

"मी येतो बरोबर."

"तू येऊन काय करणार? सुरी तू धरणार आहेस?"

"नाही. शिव्या द्यायला कुणीतरी लागेल ना."

म्हातारी हसली आणि पदरानं डोळे पुसले.

पुढचं दवाखान्याचं मी लांबवत नाही. ज्यांनी दवाखाने पाहिलेत त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी नाही पाहिले त्यांनी खुशाल राहावं. हार्नोको दुकान वुर्यानीवर टाकून बरोबर गेला, बाकड्यावर बसला. आतून म्बाह डॉक्टरांना प्रत्येक गोष्टीला "इंग्गिह" म्हणत होती आणि बाहेरून हा ओरडत होता, "डॉक्टर, तिला दुखत असलं तरी ती सांगणार नाही! हाताची मूठ बघा, मूठ!" नर्सनं त्याला दोनदा गप्प केलं. डोळा वाचला. जखम भरल्यावर दोन्ही डोळ्यांना नव्यानं काचा लागल्या, पुन्हा चिंधी, पुन्हा त्याचे भिकार ठिपके, पुन्हा शिव्या.

नवा चष्मा घेऊन हार्नोको स्वतः कारखान्यात गेला. कढईभोवती गोल भरला होता. म्बाह दाराशी बसली होती, समोर ब्रश आणि थापायचं कापड. त्यानं चष्मा तिच्या नाकावर ठेवला, काड्या कानामागे सारल्या.

"ही उजवीकडची टोचते," म्बाह म्हणाली.

गोलातल्या बायकांनी माना वर केल्या. पाक हार्नोकोला तोंडावर सांगतात कुणी असं? पण पाक हार्नोको काडी गरम करून वाकवताना येड्यासारखा हसत होता.

"आता?"

"आता नाही टोचत."

म्बाह उठली. बु हेस्ती लगबगीनं पुढे आल्या. "म्बाह, आपण बसा ना. आत्ताच बऱ्या झालात. हलकंच काम बरं."

"नाही," म्बाह म्हणाली.

आवाज मोठा नव्हता. पण 'आपण'च्या भाषेतला तो 'नाही' गल्लीत कुणी आपल्या कानांनी ऐकलेला नव्हता. एका बाईच्या चांटिंगमधून मेण गळायला लागलं आणि तिला कळलंही नाही. 

"मी आधी माझं गेल्या वर्षीचं कापड बघते," म्बाह पुढे म्हणाली. "ठिपके चुकले असतील तर मी स्वतःच घरी जाईन. तांदूळ पाठवायला नकोत. नसतील चुकले, तर माझं स्टूल खिडकीशी ठेवायचं."

बु हेस्तींनी कपाटातून ते कापड काढलं. तपकिरी, सोनेरी, नवरीला नेसायचं. म्बाहनं ते खिडकीच्या उजेडात धरलं आणि नाकाजवळ नेलं. वीतवीत सरकवत ती बघत राहिली. हार्नोकोचा जीव टांगणीला लागला होता. कापडावर एक ठिपका चुकलेला नव्हता. ते त्यालासुद्धा दिसत होतं.

पण म्हातारीचा चेहरा उजळला नाही. तिनं एका जागी बोट ठेवलं, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या.

"हा माझा," ती म्हणाली. "हा माझा नाही. हाही माझा नाही. हे सगळे माझे नाहीत."

 लास्मिनी आपल्या कापडावर इतकी वाकली होती की तिचं कपाळ कढईला लागेल असं वाटलं.

"लास्मिनी, मी घरी गेल्यावर तू मागं थांबत होतीस?"

"इंग्गिह, म्बाह."

"माझे चुकलेले खरवडून तिथं तुझे घालत होतीस?"

"इंग्गिह."

"वर्षभर?"

लास्मिनीनं मान डोलावली. "आपल्याला कळलं असतं तर आपण आला नसतात," ती म्हणाली. "मग माझ्या शेजारी कोण बसलं असतं?"

म्बाह पोनिरा कापड छातीशी धरून तशीच उभी राहिली. बोलल्याप्रमाणे आता ती घरी जाणार, असं हार्नोकोला वाटलं. बु हेस्तींनाही वाटलं असावं. त्या दाराच्या वाटेतून बाजूला झाल्या. म्हातारी वळली. दाराशी जाऊन तिनं स्वतःचं स्टूल उचललं, आणि ते ओढत ओढत खिडकीशी आणलं, लास्मिनीला लागून.

"तुझा ठिपका डावीकडे कलतो," ती बसता बसता म्हणाली. "म्हणून ओळखला. पहिल्या दिवसापासून कलतो. तू आलीस तेव्हा तुझ्या नवऱ्याला जाऊन चाळीस दिवसही झाले नव्हते, तुला कुठल्या तोंडानं सांगणार होते? मग ते राहूनच गेलं."

लास्मिनी हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली.

"रडू नको, मेण बिघडेल," म्बाह म्हणाली आणि तिनं लास्मिनीचं चांटिंग धरलेलं मनगट आपल्या हातात घेतलं. "सरळ धर. अशी. आता घाल."